उत्कर्षा शाळेत बोलत नाही

हडपसर, पुणे
१२ जुलै २००२

ती. आक्कांना मुक्ताईचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तुम्ही रागावला असाल. रागावला नसाल तर मला जास्त काळजी वाटेल. जागा लागली. दोन खोल्या आहेत, नळ आत आहे. खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर कंपनीतली चार पोरं राहतात, त्यांचे डबे मीच करते. मालक सांगतात की पाच वर्षांपूर्वी खिडकीतून ऊस दिसायचा. आता समोर सिमेंट कालवायचं यंत्र दिवसभर घरघरतं. तुमच्या भावाची या आठवड्यात तिसरी पाळी आहे, त्यामुळे ते दिवसा झोपतात आणि आम्ही दोघी मायलेकी मांजरासारख्या चालतो.

उत्कर्षाला दुसरीत प्रवेश मिळाला. शाळा चांगली आहे, पटांगण मोठं आहे. एक गोष्ट मात्र लिहू की नको असं चार दिवस चाललंय. तिच्या वर्गशिक्षिका काळभोर बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या, महिना झाला, तुमची मुलगी शाळेत एक शब्द बोललेली नाही. हजेरीला हजर म्हणत नाही, कविता म्हणत नाही, तहान लागली तरी सांगत नाही. मला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलतात. आपली उत्कर्षा, आणि बोलत नाही? घराच्या दारात बूट काढता काढता जी सुरू होते ती झोप लागेपर्यंत थांबत नाही.

तसं मी सांगितलं, तर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. त्यातल्या एकोणसाठांना गप्प कसं करायचं हे मला इतक्या वर्षांत जमलं नाही, तुमची एकटीच न सांगता गप्प बसते, तेव्हा खरं तर मी तक्रार करायला नको. पण तोंडी परीक्षेत शून्य द्यावं लागेल. येताना रस्त्यात मला हसू आलं. घरी पोचेपर्यंत मात्र ते टिकलं नाही.

तिला विचारलं तर म्हणाली, बोलायचं असतं पण येत नाही. आणि लगेच विचारलं, भाकरीबरोबर काय आहे.

तुमची तब्येत कळवा. आहे तेवढा जीव लावत राहा, इतकंच मागणं.

आपली,
मुक्ताई

*

जिंतूर
२६ जुलै २००२

चि. सौ. मुक्ताईस आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. फोन कर म्हणून निरोप दिला होतास, पण आमच्या दुकानासमोरच्या बूथवरून बोललं की अर्धी गल्ली कान देऊन ऐकते आणि उरलेली अर्धी संध्याकाळी बांगड्या भरायला येऊन विचारते. तेव्हा पत्रच बरं.

उत्कर्षा बोलत नाही हे वाचून मी दुकानात एकटीच हसले. इथे असताना तिच्या बडबडीनं म्हैस पान्हा चोरायची, विसरलीस का. मला विचारशील तर हा हट्ट आहे. तिला पुणं आवडलेलं नाही, आणि ते ती तिच्या पद्धतीनं सांगते आहे. तिचा बापही असाच. लहानपणी रुसला की जेवायचा नाही, बोलायचा नाही. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं, त्यामुळे या घराण्याच्या हट्टाची मला चांगली ओळख आहे. कुणी लक्ष दिलं नाही की आपोआप येऊन ताटावर बसायचा. तूही लक्ष देऊ नकोस.

तरी शेजारच्या माणसाबरोबर वेखंड पाठवते आहे. मधात उगाळून जिभेला लाव. सोबत अंगारा आहे. तुझा विश्वास नाही हे मला माहीत आहे, अंगाऱ्याला ते माहीत नाही. उशीखाली ठेव.

डबे करता करता स्वतः जेवतेस ना? बद्रीला सांग, बहिणीला पत्र लिहिल्यानं कंपनी बंद पडत नाही.

तुझी काळजी करणारी, आणि ती न दाखवणारी,
आक्का

*

हडपसर, पुणे
२ सप्टेंबर २००२

ती. आक्कांना मुक्ताईचा शि. सा. नमस्कार.

वेखंड संपलं. अंगारा उशीखाली आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आरशा-दिव्यानं सगळं बघितलं आणि सांगितलं की कान उत्तम, जीभ उत्तम, घसा उत्तम. मग तिला नाव विचारलं. ती त्यांच्या टेबलाकडे बघत राहिली. त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

शेजारची सोनू तिच्याच वर्गात आहे. तिच्याकडून कळलं की पहिल्या आठवड्यात उत्कर्षा बाईंना म्हणाली होती, बाई, मी घरी जायलेय. त्यावर वर्ग हसला. बाईंनी मुलांना लगेच दटावलंही. आक्का, मला तर कारण सापडल्याचा आनंदच झाला. जायलेय नाही, जातेय म्हणायचं, हे मी तिला शिकवलं. ती घरी सुरेख म्हणते. शाळेत मात्र जायलेयही नाही आणि जातेयही नाही.

पुढचं लिहायला हात होत नाही. मुख्याध्यापिकांनी बोलावलं आणि सांगितलं की ही मुलगी मंदबुद्धी असावी, अशा मुलांची वेगळी शाळा असते, वर्ष फुकट घालवू नका. मी म्हणाले, ती घरी बोलते. त्या म्हणाल्या, सगळ्याच आया असं म्हणतात. म्हणून मी खालच्या पोरांचा टेपरेकॉर्डर आणला आणि ती बापाला कावळ्याची गोष्ट सांगत होती तेव्हा पडद्यामागून गुपचूप बटण दाबलं. कॅसेट घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी ती दार उघडं ठेवूनच लावली. आवाज ऐकून आणखी दोघीतिघी शिक्षिका आल्या. गोष्ट गमतीची होती, त्या हसल्या. वाईट मनानं नाही. नेमकी तेव्हा दुसरीची रांग दारावरून चालली होती.

तिनं आपला आवाज ऐकला. माझ्याकडे बघितलं आणि रांगेतून पुढे गेली.

त्या दिवसापासून ती माझ्याशीही बोलत नाही. बापाशी खुणांनी, फार तर कानात. घर इतकं शांत आहे की कुकरच्या शिट्टीनं मी दचकते. मी तिला खरं ठरवायला गेले होते. काय करून बसले ते तुम्हीच सांगा. रागवा, पण लवकर लिहा.

आपली,
मुक्ताई

*

हडपसर
२० सप्टेंबर २००२

ती. आक्कास बद्रीनाथचा सा. नमस्कार.

मी पत्र लिहितो आहे यावरून काय ते समज. मुक्ताला हे माहीत नाही.

रविवारी मी उत्कर्षाला मारलं. पाहुणे आले होते, त्यांना नमस्कार म्हण म्हणालो, दहादा म्हणालो. नंतर हात उठला. ती रडलीसुद्धा नाही. तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिली आणि आवाज काही आला नाही. तेव्हापासून मला कामावर लक्ष लागत नाही. यंत्रावर लक्ष नसणं बरं नव्हे.

खालची पोरं आपल्याच भागातली आहेत. एक लातूरचा, एक नांदेडकडचा. फोनवर साहेबांशी इंग्रजीत बोलतात. मला वाटलं होतं, आपली पोरगीही इथे राहिली तर अशीच होईल. म्हणून गाव सोडलं. आता वाटतं, होती ती चांगली होती.

तिला दिवाळीनंतर तुझ्याकडे घेऊन जा. तिथल्या शाळेत घाल. मला तू मोठं केलंस, तिलाही कर. मुक्ताला मी सांगेन.

तुझा,
बद्री

*

जिंतूर
३ ऑक्टोबर २००२

चि. सौ. मुक्ताईस आक्काचे आशीर्वाद.

बद्रीचं पत्र आलं. तू त्याला विचारलंस तर तो आढ्याकडे बघेल, म्हणून मीच सांगते. पोरीला जिंतूरला ठेवावं असं त्याच्या मनात आहे, आणि मला ते पटलं आहे. भाऊबीजेला येते. शाळा उघडली की दाखला काढू आणि तिला घेऊन मी परत फिरेन. आतली खोली रिकामी केली आहे, पलंग टाकला आहे.

रडू नकोस. तुझ्यापासून हिसकावून घेते आहे असंही समजू नकोस. झाड उपटून दुसरीकडे लावलं आणि ते माना टाकू लागलं, तर शहाणा माणूस ते परत जुन्या मातीत लावतो. कॅसेटचं म्हणशील तर तू चूक केलीस. पण तुझ्या जागी मी असते तर तीच कॅसेट भोंग्यावर लावली असती, तेव्हा मी रागावणार नाही.

बद्रीला सांग, परत हात उचलला तर मी त्याला सगळ्या हडपसरदेखत मारीन. माझा हात अजून चालतो.

उत्कर्षाच्या गालावरून माझ्या वतीनं हात फिरव. तिनं फिरवू दिला तर.

आक्का

*

हडपसर, पुणे
१७ ऑक्टोबर २००२

ती. आक्कांना मुक्ताईचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी एक दिवस यांच्याशी बोलले नाही. म्हणजे घरात तिघंही गप्प. त्याचाही कंटाळा आला.

तुम्ही याच. पण दाखला काढू नका, आधी हे वाचा. तुमचं पत्र यायच्या आधीच मी मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे मनाच्या डॉक्टरांचा वार ठरलेला असतो. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ भिंतीशी बोलत होते. उत्कर्षा माझ्या पदराला धरून बसली आणि मला वाटलं, कुठे आणलं मी हिला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी तोंड फिरवून बसले होते. आमचा नंबर लागेपर्यंत डॉक्टरीणबाई दमून गेल्या होत्या. तरी ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे मुलांचं काम आहे, इथे मला वेळ देता येणार नाही. कर्वेनगरला एका कॉलेजात शनिवारी मुलांचे समुपदेशक बसतात, तिथे जा.

कर्वेनगर म्हणजे शहराचं दुसरं टोक. दोन बस बदलून गेलो. तिथे तेजस्विनी शितोळे नावाची मुलगी आहे, मुलगीच म्हणायची. जीन्स घातलेली, केस कापलेले. ती इथल्याच मांजरी गावची, उसाच्या शेतकऱ्याच्या घरची. मी काय शिकले ते माझ्या घरात अजून कुणाला सांगता येत नाही, असं तीच म्हणाली. पहिल्या दिवशी तिनं उत्कर्षाला एकही प्रश्न विचारला नाही. दोघी जमिनीवर बसून जुन्या मासिकातली चित्रं कापत होत्या. मी मनात म्हणाले, दोन बस बदलून आलो ते कागद कापायला.

नंतर माझ्याशी बोलली. याचं इंग्रजी नाव सांगितलं, ते मला म्हणता येत नाही. मराठीत म्हणाली, ही बोलायची भीती आहे. हट्ट नाही, बुद्धी कमी नाही. कुणाला पाण्याची भीती असते, कुणाला उंचीची, तशी. मी जायलेयचं सांगितलं, गाव सोडल्याचं सांगितलं, कॅसेटचं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, ताई, एक कारण सापडलं की तुम्हाला बरं वाटेल, पण तसं एकच कारण नसतं. काही मुलं जात्याच अशी असतात, बाकीच्या गोष्टींनी भर पडते. पुढचं बघू. कुणीही तिला बोल म्हणायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, आणि बोललीच तर कौतुकही करायचं नाही. किती दिवस लागतील ते विचारलं, तर सांगत नाही.

एक काम मात्र मला लगेच दिलं. कॅसेटबद्दल मुलीची माफी मागायची. आक्का, लेकराची माफी कशी मागायची असते, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. तोंडासमोर जमेना म्हणून वेणी घालताना मागून म्हणाले, तुला न विचारता तुझं बोलणं मी दुसऱ्यांना ऐकवलं, चुकलं माझं. ती उठून दप्तर भरायला गेली. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना म्हणाली, आई, तू फार घट्ट बांधतेस.

मी सैल बांधली. तेव्हापासून घरात थोडं थोडं सुरू आहे.

म्हणून म्हणते, भाऊबीजेला या, महिनाभर राहा, मला रागवा. पण तिला नेऊ नका. मला हे वर्ष द्या.

आपली,
मुक्ताई

*

जिंतूर
५ डिसेंबर २००२

चि. सौ. मुक्ताईस आक्काचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गाडीत शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर पिशवी ठेवली.

मी एकटीच का निघाले ते तुम्हाला दोघांना नीट सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं असेल म्हातारीला पुण्याची हवा मानवली. ती मानवली नाही. तुमच्या इथे दुकानदार वस्तू दाखवतो ते उपकार केल्यासारखा.

शाळा उघडली त्या दिवशी मी दाखला काढायलाच गेले होते. तुला देवळात जाते म्हणून सांगितलं. मुख्याध्यापिका यायच्या होत्या, म्हणून दुसरीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात बसले. खिडकीतून आपली पोर दिसत होती. तिला मी दिसत नव्हते. बाक सरकवताना तिचं बोट फळीत चिमटलं. चांगलं रक्त आलं. मला वाटलं आता ओरडेल. तिनं बोट मुठीत घेतलं, मूठ फ्रॉकखाली घेतली आणि फळ्याकडे बघत बसली. बाई दोनदा शेजारून गेल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात वर केला नाही. फ्रॉकला डाग पडला तो तिनं दप्तरानं झाकला.

मुक्ता, हट्ट मी ओळखते. हट्टी माणसाला बघणारं कुणी तरी लागतं. हिला कुणीच बघू नये असं वाटत होतं.

मी आत घुसले, हे तुला काळभोर बाईंनी सांगितलं असेलच. बोट बांधलं. मुख्याध्यापिका आल्या, काय काम आहे विचारलं. मी म्हणाले, पाणी प्यायला आले होते.

तरी मनात होतं की आमच्या इथे असं होणार नाही. म्हणून शनिवारी तुझ्याबरोबर कर्वेनगरला आले आणि त्या तेजस्विनीशी भांडले. तू बाहेर होतीस. मी म्हणाले, तुझं शिक्षण तुझ्यापाशी, माझी पोर माझ्यापाशी बोलते. ती चिडली नाही. आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, आक्का, तुमच्याशी बोलंल की, तुम्ही तिच्या हाय. पण तिथं शाळेत कुणाशी बोलंल? बाजारात कुणाशी? उद्या तुम्ही नसला तर?

मग मला आठवलं, गेल्या वर्षी इथल्या शाळेतही गुरुजी म्हणायचे की पोरगी गरीब आहे, तिचा आवाज कधी ऐकला नाही. मला तेव्हा ती स्तुती वाटली होती.

बद्रीला मी मारलं नाही. तोच माझ्यापाशी येऊन बसला होता, मारायला काही उरलं नव्हतं. त्याला शनिवारी सोबत घेऊन जात जा. आतल्या खोलीतला पलंग तसाच ठेवते, मे महिन्यात सुट्टीला या.

सगळ्यांना मनापासून,
आक्का

*

हडपसर, पुणे
१९ फेब्रुवारी २००३

ती. आक्कांना मुक्ताईचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

अडीच महिन्यांत पत्र नाही. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून नाही, सांगायचं तरी काय हा प्रश्न होता. आज सांगते.

तेजस्विनी स्वतः शाळेत येऊन काळभोर बाईंना भेटली. तेव्हापासून शाळा सुटली की वर्ग रिकामा झाल्यावर मी आणि उत्कर्षा आत बसतो. ती मला फळ्यावरचं वाचून दाखवते. आधी दार लावून, नंतर उघडं ठेवून. मग बाई लांब व्हरांड्यात उभ्या राहायला लागल्या, मग जवळ, मग दारात पाठ करून. बाईंना लोणीची बस असते. ती चुकते म्हणून रोज कुरकुरल्या, आणि रोज थांबल्या. नाताळच्या सुमाराला सोनूही येऊन बसायला लागली. एक दिवस दोघी कुजबुजल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

जानेवारीत सगळं परत खाली आलं. गॅदरिंगला एका हौशी बाईंनी प्रेमानं तिच्या हातात माइक दिला. नंतर ती वर्गात माझ्याशीही बोलेना. पुन्हा दार लावण्यापासून सुरुवात. त्या दिवसांत यांनी विचारलं की आक्काकडे पाठवलं असतं तर बरं झालं नसतं का. मलाही तेच वाटत होतं. पण शनिवारी हेच उठून बसस्टॉपवर आमच्या आधी जाऊन उभे राहिले. तिथे आत येत नाहीत, पायरीवर बसून राहतात. परत येताना उत्कर्षा त्यांच्या खांद्यावर झोपते.

आक्का, मी दमले आहे. पहाटे डबे, दुपारी डबे, संध्याकाळी रिकामा वर्ग. बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, मुलीला काय झालंय. आधी मी सर्दी-तापाचं काही तरी सांगायचे. आता सांगते, तिला बोलायची भीती वाटते, तिचे उपचार चालू आहेत. एक-दोघी लांब झाल्या. एकीनं मात्र दार लोटून घेऊन विचारलं की तुम्ही शनिवारी कुठे जाता. तिचा मुलगा रोज सकाळी शाळेच्या वेळी ओकतो.

परवा सोमवारी मी नेहमीप्रमाणे शाळा सुटताना फाटकाशी उभी होते. काळभोर बाई बस सोडून माझ्याकडे आल्या. म्हटलं, आता काय. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, गणिताच्या तासाला तुमच्या मुलीनं हात वर केला आणि साठ मुलांसमोर सांगितलं की पृथ्वीराज माझा खोडरबर देत नाही. मी मान वर केली नाही, त्याला म्हणाले दे, आणि बेरीज पुढे चालू ठेवली. ती बेरीज माझी चुकली, ते वेगळं. थोडक्यात, तुमची मुलगी तक्रारखोर आहे. पालकांना कळवलेलं बरं, म्हणून कळवलं. आणि पुढची बस पकडायला गेल्या.

तिच्यासमोर काही बोलायचं नव्हतं. तिला सोनूकडे सोडलं आणि डबा द्यायचं निमित्त करून मी यांच्या कंपनीच्या फाटकावर गेले. त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, नेमकं काय म्हणाली. मी सांगितलं. ते म्हणाले, परत सांग. मी परत सांगितलं. मग डबा न घेताच आत गेले. पहारेकऱ्यानं हाक मारून तो आत पोचवला.

मंगळवारी ती बोलली नाही. आजही नाही. तेजस्विनी म्हणते असंच चालणार, मोजू नका. मोजत नाही. झोप मात्र लागायला लागली आहे.

आता थांबते, सोनूच्या घरून तिचा आवाज येतो आहे, कुणाशी तरी भांडते आहे. आमच्यावर आहे तशीच माया असू द्या, आणि मे महिन्यात आम्ही येतो आहोत, म्हशीला सांगून ठेवा.

आपली,
मुक्ताई